बाकांच्या ओळीतलं गाव

श्रॉपशायर हा इंग्लंडच्या पश्चिमेचा, वेल्सच्या सरहद्दीला लागलेला परगणा. तिथं श्रूजबरी शहराच्या उत्तरेला बारा-तेरा किलोमीटरवर मिडल नावाचं खेडं आहे. १७०१ साली या गावचा रिचर्ड गॉफ नावाचा सहासष्ट वर्षांचा शेतकरी लिहायला बसला. आदल्या वर्षी त्यानं गावाचं रीतसर वर्णन लिहून पुरं केलं होतं: शिवा, तळी, रानं, पडका किल्ला, आजवर होऊन गेलेले पाद्री, सारा-पट्टी. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नसावं. दुसऱ्या खेपेला त्यानं गावच्या चर्चचा आतला नकाशा काढला, त्यात एकूण एक बाक दाखवलं, कुठलं बाक कुठल्या घराचं ते लिहिलं, आणि मग एकेका बाकापाशी थांबून त्या घराण्याची हकिगत सांगायला लागला. आजा कुठून आला, जमीन कशी मिळाली, बायको कुठल्या गावची, पोरं किती, त्यातलं कोण नांदलं, कोण लंडनला गेलं, कोण दारूपायी बुडालं, कोण लढाईवरून परतलं नाही. एका बाकाला कधी चार ओळी पुरतात, कधी पानंच्या पानं लागतात. शेवटच्या बाकाशी येईतो आख्खं गाव सांगून झालेलं असतं.

इंग्लंडात राहायला आल्यापासून इथल्या खेड्यांची दप्तरं वाचायचा मला नाद लागला. जन्ममृत्यूच्या वह्या, भाडेपट्टे, मृत्युपत्रं, गरिबांच्या जबान्या, शेतांचे नकाशे. यातलं जे जे हाती आलं ते मी वाचत गेले. पण गॉफच्या बाकांनी मला जसं धरून ठेवलं तसं दुसऱ्या कशानंच धरलं नाही.

गॉफच्या तारुण्यात रविवारी चर्चला जाणं ही ज्याच्या त्याच्या मर्जीची गोष्ट नव्हती. आठवड्यातून एकदा सगळं गाव एका छपराखाली यायचं आणि कोण कुठं बसणार हे ठरलेलं असायचं. पुढं जमीनदार, मध्ये मोठे शेतकरी, मागं झोपडीवाले. बाक माणसाच्या नावावर नसायचं, घराच्या आणि शेताच्या नावावर असायचं. शेत विकलं की बाक गेलं, विकत घेणारा त्याच बाकावर येऊन बसला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पालखीला पहिला खांदा कुणाचा, निशाण कुणाच्या हाती, हा मान तिथंही घराकडे चालत आलेला असतो, आणि घर ओस पडलं तर त्या मानाचं काय करायचं यावर गावकी बसते. मिडलमध्येही अशा बैठका झाल्या. एका जागेत पोरंसोरं आणि चर्चची पट्टी न भरणारी माणसं येऊन बसू लागली, गावातल्या बड्यांच्या पुढं. ते कुणाला रुचेना, म्हणून तिथं नवी बाकं मांडायचं ठरलं. हा तंटाही गॉफनं लिहून ठेवलाय, आणि तो वाचताना सगळी माणसं ओळखीची वाटायला लागतात.

गॉफ मधल्या ओळींतला माणूस. मिडलजवळच्या न्यूटन वस्तीवर त्याची जमीन होती, थोडं लॅटिन शिकलेला, काही वर्षं एका जमीनदाराकडे कारकुनी केलेला. लहानपणापासून साठ वर्षं त्यानं हे गाव रविवारी मागून पाहिलं. पुढच्या बाकावरची पाठ कुणाची, ती कधी वाकायला लागली, कुठल्या रविवारी तिच्याशेजारी नवी नवरी आली आणि कुठल्या रविवारी ती जागा मोकळी दिसली, हे त्याच्या डोळ्यांपुढून गेलेलं होतं. तो जन्मला १६३५ साली, शिवाजी महाराजांहून पाच वर्षांनी धाकटा. त्या काळातल्या इंग्लंडच्या राजांबद्दल ढीगभर लिहिलेलं आहे. एका खेड्यातल्या शेवटच्या बाकापर्यंतच्या माणसांबद्दल इतक्या जवळून लिहिलेलं फार थोडं आहे.

सरकारी नोंदी नव्हत्या असं नाही. उलट इंग्लंडइतक्या जुन्या आणि सलग नोंदी जगात थोड्याच ठिकाणी सापडतील. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्यानं एक वही ठेवावी आणि आठवड्याभरातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी तीत लिहावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे, म्हणजे एकट्यानं कुणाला हात लावता येऊ नये. चुकारपणा केला तर तीन शिलिंग चार पेनी दंड. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या, त्या कुजायला लागल्या. म्हणून १५९८ मध्ये ठरलं की सगळं चर्मपत्रावर उतरवून काढायचं, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचं तरी. या 'निदान'चा फायदा पुष्कळ पाद्र्यांनी घेतला. त्यामुळे कितीतरी गावांचा लिखित जन्म १५३८ ऐवजी १५५८ साली होतो, आणि मधल्या वीस वर्षांतली बाळं कुणाच्याच वंशावळीत येत नाहीत.

या वह्या वाचायला बसलं की पहिल्यांदा घोटाळा होतो तो सालाचा. १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. गॉफचा बाप्तिस्मा आपल्या हिशेबानं १६३५ च्या जानेवारीत झाला, पण त्या काळच्या वहीच्या हिशेबानं ते साल १६३४. डिसेंबरनंतर जानेवारी येतो तरी साल तेच राहतं, पानाच्या मध्येच कुठंतरी, मार्चच्या अखेरीला, नवा आकडा येतो. मग अक्षर. सोळाव्या शतकातलं ते वळणदार, गाठी मारल्यासारखं अक्षर डोळ्यांना ओळखीचं व्हायला वेळ लागतो. एकदा झालं की मग लिहिणाऱ्याचे हात वेगळे कळायला लागतात. एक पाद्री नीट ओळीत लिहिणारा, त्याच्यानंतरचा घाईचा, शाई पसरवणारा. सतराव्या शतकाच्या मध्यावर राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध आलं की कित्येक वह्यांत मोठ्या फटी पडतात. मुलं त्या वर्षांतही जन्मली, पण लिहायला कुणी जागेवर नव्हतं.

आणि आईचं नाव. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत 'अमक्याचा मुलगा तमका' एवढंच पुष्कळदा असतं. बाई लग्नाच्या दिवशी माहेरच्या नावासकट एकदा दिसते, पुढं 'अमक्याची बायको' किंवा 'अमक्याची विधवा' म्हणून पुरली जाते. मधलं तिचं सगळं आयुष्य, दहा बाळंतपणं, त्यातली निम्मी मातीआड झालेली, हे नवऱ्याच्या नावामागून शोधत जावं लागतं.

दप्तरखान्यात शाईचं पेन आत नेता येत नाही, शिसपेन्सिल चालते. जुनी वही फोमच्या उशीवर ठेवतात आणि पान उलटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली वजनाची लांब दोरी आडवी टाकतात. मला ही व्यवस्था फार आवडते. ज्याला जिवंतपणी कुणी खुर्ची दिली नसेल त्या मजुराच्या जबानीला आज उशी मिळते, आणि तिच्याभोवती माणसं हलक्या आवाजात बोलतात.

त्या जबान्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. १६६२ च्या कायद्यानं गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या पॅरिशवर होती. साहजिकच प्रत्येक पॅरिशला वाटायचं की हा माणूस आपला नसावा, शेजारच्यांचा असावा. वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात कुणी परका राहायला आला, तर चाळीस दिवसांच्या आत त्याला परत धाडता यायचं. पुढं नियम झाला की एका गावात सलग वर्षभर चाकरी केली तर माणूस तिथला ठरतो. मग काही शेतकरी गडी ठेवताना एक्कावन्न आठवड्यांचीच बोली करायला लागले. म्हातारपणी किंवा आजारपणी मदत मागायला आलेल्या माणसाला न्यायाधीशांपुढं उभं करून विचारलं जायचं: जन्म कुठला, बाप कुठला, पहिली चाकरी कुणाकडे, किती दिवस, पगार काय, लग्न कधी, मुलं किती, त्यांची वयं काय. तो सांगत जायचा, कारकून लिहीत जायचा, शेवटी त्याच्या नावाऐवजी एक फुली. ज्या माणसानं आयुष्यात एक ओळ लिहिली नाही त्याचं सगळं चरित्र त्या एका कागदावर उतरलेलं असतं. तो कागद तयार झाला त्याला घालवून देण्यासाठी. आज त्याचे वंशज दूरदूरच्या देशांतून येऊन तोच कागद शोधतात आणि सापडला की डोळे पुसतात.

लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांचंही तसंच. बाप कोण हे पॅरिशला हवं असायचं ते नीतीच्या काळजीपेक्षा पोराच्या खर्चासाठी. आईला विचारून विचारून नाव काढलं जायचं आणि बापाकडून हमीपत्र घेतलं जायचं. बाप्तिस्म्याच्या वहीत ज्या पोराच्या नावापुढं बापाची जागा कोरी आहे, त्याचा बाप पुष्कळदा पट्टीच्या हिशेबात सापडतो. १६९७ च्या कायद्यानं तर मदत घेणाऱ्या प्रत्येकाला उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचा 'पी' शिवून घ्यायला लावला, सोबत पॅरिशच्या नावाचं आद्याक्षर. गॉफ लिहायला बसला तेव्हा हा कायदा अगदी ताजा होता. अशी अक्षरं खांद्यावर वागवणारी माणसं मागच्या बाकांवर बसत असणार.

गरिबांना पोसायच्या वादात गॉफ स्वतः पॅरिशच्या बाजूचा होता. कुठल्या माणसावरून कुठल्या पॅरिशशी कसा दावा झाला, कोण जिंकलं, ही सगळी जंत्री त्यानं शेवटी दिली आहे आणि ती देताना तो एका पट्टी भरणाऱ्या शेतकऱ्यासारखाच बोलतो. पण बाकांची हकिगत लिहिताना त्याला कुणाकडून काही वसूल करायचं नव्हतं. म्हणून ती हकिगत वेगळी उतरली आहे, असं मला वाटतं. दप्तरखान्यातल्या बाकी सगळ्या कागदांमागं कुणाचा तरी हात पुढं केलेला दिसतो. कर घ्यायला, दंड घ्यायला, वारस ठरवायला, परक्याला हाकलायला. १६७८ मध्ये कायदा कडक झाला की प्रेत लोकरीच्याच कापडात पुरायचं, नाहीतर पाच पौंड दंड, कारण देशातला लोकरीचा धंदा चालायला हवा होता. तेव्हापासून दफनाच्या नोंदीपुढं लोकरीचं शपथपत्र मिळाल्याची खूण यायला लागली. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसला, गरिबांना माफ. लगेच काही वह्यांत गरिबांची संख्या वाढलेली दिसते. माणूस मेल्यावरसुद्धा राज्याला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. गॉफला फक्त ती माणसं आठवत होती.

यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. मिडलच्या टेकडीवर सोळा ते साठ वयाच्या सगळ्या पुरुषांना बोलावलं होतं, तो तमाशा बघायला हाही गेला. उंचवट्यावर एक माणूस कागद हातात घेऊन उभा, शेजारी जमिनीत भाले रोवलेले, आणि पुकारा असा की राजाच्या फौजेत येईल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट, म्हणजे चार पेनीची चौदा नाणी, मिळतील. शेतमजुराला एवढी मजुरी कोण देणार? मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वस्त्यांतून वीस जण गेले. तेरा मेले. गॉफ त्यांची यादी देतो, आणि अशी यादी युद्धस्मारकांवर कोरलेली नसते. वाळूच्या दगडातल्या गुहेत राहणारा प्रीस तीन मुलगे घेऊन गेला. गॉफच्या वडिलांचा गडी जॉन आर्थर्स हॉप्टनच्या किल्ल्यात मारला गेला. गावोगाव फिरून कपडे शिवणारा, स्वतःचं घर नसलेला एक शिंपीही गेला होता. काहींच्या बाबतीत तो एवढंच सांगतो की मेला हे खरं, कुठं ते ठाऊक नाही. जॉन मोल्ड नावाचा एक देखणा, छोट्या चणीचा, धाडसी पोरगा परत आला. त्याच्या मांडीखालचा घोडा गोळीनं मेला आणि पायाचं मोठं हाड मोडलं. पाय बरा झाला, पण जन्मभर वाकडाच राहिला.

लढायांच्या पुस्तकांत मला पुढची गोष्ट कुठं मिळाली नव्हती. राजाच्या बाजूचा कॉलिन्स नावाचा एक आयरिश अंमलदार मिडलमध्ये लुटीसाठी येत असे. एके दिवशी लोहाराच्या दारात घोड्याला नाल ठोकून घेताना विरुद्ध बाजूच्या शिपायांनी त्याला गाठलं आणि गोळी घातली. त्याला उचलून लोहाराच्या घरात आणून जमिनीवर टाकलं. त्यानं अंगाखाली गादी मागितली. लोहाराची बायको म्हणाली, गादी नाही. होती ती आदल्याच दिवशी त्यानं दारापुढच्या तळ्यात फेकून दिली होती. मरणाऱ्याच्या प्रार्थनेसाठी एका गृहस्थांना बोलावणं गेलं, त्यांच्याबरोबर लहान गॉफही आत गेला, आणि जमिनीवरून वाहत आलेलं रक्त त्यानं पाहिलं. साठ वर्षांनी लिहिताना त्याला ती गादी आठवली. लोहाराच्या बायकोचं ते उत्तर रागाचं होतं की नुसतं खरं होतं, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. तिच्या घरातली ती एकच चांगली गोष्ट असणार.

बायकांकडे गॉफचं लक्ष आहे, हे मला त्याच्या लिखाणात सगळ्यात मोलाचं वाटतं. वहीनं ज्यांना 'अमक्याची बायको' म्हणून सोडून दिलं, त्यांचं माहेर, हुंडा, स्वभाव, हात चालवण्याची पद्धत तो सांगतो. कुणी रूपवान आणि घर बुडवणारी, कुणी नवऱ्यामागं शेत सावरणारी, कुणी शेजाऱ्यांना अडीनडीला धावणारी. तो कडकही आहे. एका जोडप्याची गाईगुरं गुत्त्याच्या उधारीत कशी गेली, चोरांच्या घराण्यात चोरी कशी वारशानं आली, हे तो नावागावासकट लिहितो, आणि त्या माणसांची नातवंडं तेव्हा त्याच चर्चमध्ये बसत होती. आज कुणी असं लिहिलं तर गावात राहणं कठीण होईल. म्हणूनच ते कदाचित त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. १८३४ मध्ये पहिल्यांदा ते छापील रूपात आलं, गॉफ जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

मी मिडलला गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. श्रूजबरीहून एल्समीरकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो. दगड सगळा तांबडट वाळूचा; ओला झाला की विटेसारखा दिसतो. किल्ल्याचा एक जिन्याचा बुरूज तेवढा उभा आहे. चर्चचा मनोरा १६३४ चा, म्हणजे गॉफच्या जन्माच्या सुमारास नवाकोरा होता. आतलं बहुतेक काम एकोणिसाव्या शतकातलं. गॉफच्या नकाशातली बाकं केव्हाच गेली. तरी मी नकाशाची प्रत हातात धरून मधल्या वाटेनं चालत गेले आणि जिथं जे घर असायला हवं तिथं थांबत गेले. पुढून मागं येताना नावं बदलत जातात, जमिनी लहान होत जातात, हकिगती मात्र लहान होत नाहीत. दाराशी आले तेव्हा हे माझ्या नीट लक्षात आलं.

म्हातारा शेतकरी आठवणीवर लिहितो तेव्हा कितपत खरं धरायचं, हा प्रश्न इतिहासकारांना पडणारच. डेव्हिड हे यांनी पॅरिशची वही, मृत्युपत्रं, भाडेपट्टे, न्यायालयाचे कागद असं सगळं गॉफशी ताडून पाहिलं आणि १९७४ साली मिडलवर ग्रंथ लिहिला. त्यांना गॉफ बहुतेक ठिकाणी बरोबर सापडला. याच्या जरा आधी डेव्हनमधल्या कोलिटन या गावी दुसरंच काम झालं. टोनी रिग्ली यांनी तिथल्या वहीतल्या नोंदी एकेका कुटुंबावर लावल्या, जन्माला लग्न आणि लग्नाला मृत्यू जोडत गेले, आणि १९६६ साली दाखवून दिलं की १६४५-४६ च्या प्लेगनं गावातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं नेल्यावर तिथल्या मुलींची लग्नं सरासरी तिशीच्या जवळ जाऊन होऊ लागली आणि मुलंही कमी होऊ लागली. पुढं त्यांच्या केम्ब्रिजच्या गटानं ४०४ पॅरिशच्या वह्यांतून इंग्लंडच्या तीन शतकांची लोकसंख्या मांडली. त्या वह्यांतल्या नोंदी मोजून दिल्या त्या गावोगावच्या हौशी लोकांनी, शिक्षक, गृहिणी, निवृत्त कारकून यांनी, संध्याकाळी दिव्याखाली बसून, फुकट. एवढ्या मोठ्या शास्त्राचा पाया असा घातला गेला, हे मला फार मोठं वाटतं. पण कोलिटनच्या त्या तक्त्यात तिशीला आलेली मुलगी का थांबली ते सांगायला गॉफसारखा कुणी नव्हता.

या वह्यांचा एक धागा आपल्याकडे येतो. खेड्यातल्या एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा वहीत सापडतो, भावंडांची लग्नं सापडतात, याचं मात्र पुढं काहीच नाही. लग्न नाही, दफन नाही. अशा वेळी इंग्लंडातले शोध घेणारे मुंबई इलाख्याच्या नोंदी काढतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात तिथल्या बाप्तिस्मा-लग्न-दफनांच्या नकला लंडनला पाठवत, १७०९ पासूनच्या, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डॉर्सेटच्या शेतमजुराचं पोर पुण्याच्या लष्करात कॉलऱ्यानं गेलेलं असतं, दापोलीच्या कॅम्पात पेन्शनवर म्हातारं झालेलं असतं. त्याच्या गावच्या वहीला हे कधी कळलं नाही.

आणि एक जण त्याच्याही आधी, वेगळ्याच कारणानं आपल्याकडे आला. १५४९ च्या सुमारास जन्मलेला, विल्टशायरमधल्या बुशटन या खेड्याशी ज्याचं नाव जोडलं जातं तो थॉमस स्टीफन्स जेझुइट झाला, १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला, नोव्हेंबरात बापाला प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं, आणि मग चाळीस वर्षं साष्टीच्या गावांत राहिला. मराठीत ओव्या लिहिल्या. १६१६ साली रायतूरला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. क्रॉमवेलच्या हुकमानंतर अकरा वर्षांनी जन्मलेला हा मुलगा. मराठीचं कौतुक करताना त्यानं पुष्पांत मोगरी, परिमळांत कस्तुरी आठवली, आणि त्याच्या जन्माचं साल मात्र आपल्याला अजून 'सुमारास' म्हणूनच लिहावं लागतं.

इंग्लंडातल्या नोंदी पुढं अधिक नेटक्या होत गेल्या. १८३७ च्या जुलैपासून सरकारी जन्ममृत्यूनोंद, १८४१ पासून शिरगणतीत घराघरातली नावं, १८५१ पासून प्रत्येकाचं जन्मगाव. १९३१ च्या शिरगणतीचे कागद १९४२ च्या आगीत जळून गेले, तेवढी एक पिढी कोरी राहिली. शंभर वर्षं झाली की शिरगणती खुली होते, आणि त्या दिवशी देशभरात लोक आपल्या आजीचं नाव शोधायला बसतात. नाव सापडतं, वय सापडतं, धंदा सापडतो. आजी कशी हसायची ते सापडत नाही.

रिचर्ड गॉफ १७२३ साली वारला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. बाकीच्यांसारखीच त्याचीही वहीत एक ओळ आहे.

माझं मराठी वाचकांना एक मागणं आहे. तुमच्या गावात, वाडीत, आळीत, चाळीत ज्याला घरांची ओळ पाठ आहे असा एखादा म्हातारा किंवा म्हातारी आज असेल. पालखी कुठल्या घरापासून निघते आणि कुठल्या दारी शेवटी थांबते, कुठल्या खोलीत आधी कोण राहायचं, कोण मुंबईला गेलं आणि परत आलं नाही, सुना कुठल्या गावच्या, कुणाची जमीन कशात गेली, हे त्यांना विचारा. पहिल्या घरापासून सुरुवात करा आणि शेवटचं घर गाळू नका. लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची नावं लिहा. एक साधी वही पुरे, वर तारीख घाला, सांगणाऱ्याचं नाव घाला. हे काम येत्या सुट्टीत करा. तुमच्याखेरीज दुसरं कुणी ते करणार नाही.